आई-बाबांच्या अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज : प्रवासाच्या तारखा जुळेनात तेव्हा

“आई, २०२२ साली तुम्ही भारतातून परत कधी आलात?”

“गौरींचं विसर्जन झालं आणि निघालो ना आम्ही. मावशीने पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या बघ.”

आईची आठवण पक्की आहे, पुरणपोळ्यांसकट. पण अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, महिना, दिवस आणि वर्ष लिहावं लागतं. गेल्या पाच वर्षांत चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ अमेरिकेबाहेर काढलेल्या प्रत्येक फेरीचं, सगळ्यात अलीकडच्या फेरीपासून मागे मागे जात. मुलांनी ग्रीन कार्ड काढून दिलेले आपल्याकडचे बहुतेक आई-वडील वर्षातून एकदा तरी भारतात जातात. थंडी टाळायला, दातांची कामं करायला, भाचीच्या लग्नाला. पाच वर्षांत सात-आठ फेऱ्या सहज होतात, आणि त्या लिहून ठेवायचं कुणाच्या मनातही आलेलं नसतं.

मी आधी बाबांचा अर्ज भरला, मग आईचा, आणि नंतर ओळखीतल्या काही काका-काकूंना मदत केली. दर वेळी घोडं याच पानावर अडलं. बाबांच्या वेळी मी सरळ त्यांच्या डायरीवरून तारखा उतरवल्या. मुलाखतीत तीन तारखा अधिकाऱ्याकडच्या नोंदींशी जुळल्या नाहीत आणि कॅनडाची एक फेरी आमच्या यादीतच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस तो, त्यांचा चेहराच उतरला. त्या दिवशी निकाल मिळाला नाही, आणखी पुरावे मागणारं पत्र हातात पडलं. पुढे सगळं मार्गी लागलं, पण मधले दोन महिने बाबा रोज दुपारी टपालपेटी उघडून बघत होते. आईच्या वेळी मी पद्धत बदलली, आणि तेव्हापासून तीच वापरते.

तारखा एका-दोन दिवसांनी का चुकतात

अर्जाला हवी असते अमेरिका सोडल्याची तारीख आणि अमेरिकेत परत पाय ठेवल्याची तारीख. आपल्या घरात लक्षात राहते ती भारतात पोचल्याची आणि भारतातून निघाल्याची. अर्ध्याहून जास्त गोंधळ इथेच होतो.

न्यूअर्कहून १४ नोव्हेंबरच्या रात्री विमान सुटलं की मुंबईला उतरेपर्यंत १५ ची रात्र होते, मध्ये कुठे थांबा असेल तर १६ उजाडते. पासपोर्टवर भारताचा शिक्का १५ चा किंवा १६ चा पडतो, डायरीतही तेच लिहिलं जातं. अर्जात जायला हवी १४. परतीच्या वेळी तर आणखी गंमत होते. मुंबईहून सुटणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची असतात. तिकिटावर १२ एप्रिल, पहाटे दीड असं असतं. आई-बाबा घरातून ११ ला संध्याकाळी निघतात, इमिग्रेशनच्या खिडकीवर रात्री अकराला पोचतात आणि शिक्का पडतो ११ चा. अमेरिकेत उतरतात १२ लाच. म्हणजे शिक्का ११, तिकीट १२, आणि अर्जात लिहायची तीही १२. शिक्क्यात एक दिवस मिळवून लिहायचं असं सूत्र मात्र करू नका, कारण दुपारच्या विमानाला ते चालत नाही. प्रत्येक फेरीचं तिकीट शोधा.

दुसरी चूक दिवस-महिन्याच्या क्रमाची. बाबांच्या डायरीत ५/४ म्हणजे ५ एप्रिल. माझ्या नवऱ्याने ते अमेरिकन पद्धतीने ४ मे वाचलं आणि एक फेरी महिन्याने लांबली. तेव्हापासून आमच्या तक्त्यात महिना अक्षरांत लिहायचा असा नियम आहे. आकडे फक्त शेवटी, अर्जात उतरवताना.

पाया शिक्क्यांचा, पण शिक्के पुरत नाहीत

सगळे पासपोर्ट एका टेबलावर आणा. चालू पासपोर्ट आणि त्याआधीचा, कोपरा कापून परत आलेला, दोन्ही. तो जुना हमखास पुण्याच्या किंवा ठाण्याच्या घरातल्या लोखंडी कपाटात असतो. कुणाला तरी तिथे पाठवून प्रत्येक पानाचे फोटो मागवा. “शिक्के आहेत तेवढीच पानं” असं सांगू नका. प्रत्येक पान मागवा, कारण आपले अधिकारी जागा मिळेल तिथे शिक्का मारतात आणि २०२४ चा शिक्का २०१९ च्या शेजारी सापडतो.

भारत येताना आणि जाताना दोन्ही वेळा शिक्का मारतो. अमेरिकेत देश सोडताना इमिग्रेशनची खिडकीच नसते, त्यामुळे बाहेर पडल्याचा शिक्का मिळणारच नाही. तो शोधत पानं उलटत बसू नका. परत आल्यावरही आता ग्रीन कार्डधारकांच्या पासपोर्टवर बऱ्याचदा शिक्का पडत नाही. त्यात आपले ज्येष्ठ व्हीलचेअरवर असतात. पासपोर्ट मदतनिसाच्या हातात, आई मागे बघतेय की बाबांची खुर्ची येतेय का. शिक्का पडला की नाही हे तिला विचारण्यात अर्थ नाही.

अबू धाबीमार्गे येणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधीच होते. त्यामुळे अबू धाबीचा उल्लेख असलेला अमेरिकन शिक्का दिसला तर तो वाटेतला थांबा समजून सोडून देऊ नका. अमेरिकेत प्रवेश दिल्याचा शिक्का तोच.

आय-९४ ची साइट काय दाखवते, काय नाही

अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन खात्याची आय-९४ साठीची, म्हणजे देशात आल्या-गेल्याच्या नोंदींसाठीची, सरकारी साइट आहे. तिथे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकला की गेल्या दहा वर्षांतली ये-जा दिसते. ती सोय मुळात व्हिसावर येणाऱ्यांसाठी असली तरी ग्रीन कार्डधारकांच्या नोंदीही बऱ्याचदा मिळतात. मी पहिल्यांदा आईचा शोध घेतला तेव्हा “नोंद सापडली नाही” असं आलं आणि मी हात टेकले. खरं कारण नावात होतं.

आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा दोन नावं असतात: स्वतःचं आणि वडिलांचं, लग्न झालेल्या बाईचं असेल तर नवऱ्याचं. नोंदीत कधी दोन्ही नावं असतात, कधी फक्त पहिलं. दोन्ही प्रकारे शोधून बघा. आईच्या जुन्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर तेही टाकून बघा. पासपोर्ट मधे नवा झाला असेल तर दोन्ही क्रमांकांनी वेगवेगळा शोध घ्या, कारण जुन्या क्रमांकावरच्या फेऱ्या नव्या क्रमांकावर दिसतीलच असं नाही. आईच्या बाबतीत तीन वेगवेगळे शोध घेतल्यावर नोंदी पूर्ण झाल्या.

ही यादी मिळाली तरी ती जशीच्या तशी अर्जात उतरवू नका. त्यात जाण्याच्या नोंदी गळतात, विशेषतः रस्त्याने कॅनडात गेलात तर. ही यादी कायदेशीर पुरावा नसल्याचं ती साइट स्वतःच सांगते. तिचा उपयोग ताळा करण्यापुरता.

एवढं करूनही मोठी फट राहिली तर माहिती अधिकारासारखा तिथला जो कायदा आहे, त्याखाली याच खात्याकडे प्रवेश-निर्गमनाच्या नोंदी मागता येतात. अर्ज ऑनलाइन करता येतो. मुलगा किंवा मुलगी अर्ज करत असेल तर आई-वडिलांची सही असलेलं संमतिपत्र लागतं. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून नागरिकत्वाचा अर्ज भरायच्या काही महिने आधीच मागणी टाका.

आईच्या तिथी आणि आपलं कॅलेंडर

आता मला सर्वांत जास्त जिव्हाळ्याचा भाग. “आई-बाबांना काही आठवत नाही” असं आपण फार पटकन म्हणतो. त्यांना आठवतं, फक्त त्यांचं कॅलेंडर वेगळं आहे. आईला “मार्चमध्ये का एप्रिलमध्ये?” असं विचारलं की ती गोंधळते. “पाडव्याची गुढी कुठे उभारलीस?” असं विचारलं की ठाम उत्तर येतं. मग कालनिर्णय घेऊन बसायचं. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता, २०२३ चा २२ मार्चला, २०२४ चा ९ एप्रिलला, २०२५ चा ३० मार्चला. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आईने सांगितलेलं ते गौरीविसर्जन म्हणजे ५ सप्टेंबर २०२२. त्यानंतरच्या आठवड्यातली मेल चाळली आणि तिकीट सापडलं.

आमच्या एका काकूंची २०२३ ची फेरी काही केल्या लागत नव्हती. त्या सहज म्हणाल्या, “अगं, जावयाला अधिकाचं वाण द्यायला तर गेले होते.” २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. एका वाक्यात वर्षाचा शोध चार आठवड्यांवर आला.

असेच आणखी धागे आहेत. निवृत्तिवेतन घेणारे बाबा नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. ज्या वर्षी स्वतः जाऊन दिला, त्या वर्षी त्या तारखेला ते भारतात होते. २०२१ मधली फेरी शोधत असाल तर कोविन प्रमाणपत्र बघा, लस कुठे आणि कोणत्या तारखेला घेतली ते त्यावर छापलेलं असतं. साधारण त्याच काळात, जानेवारी २०२१ ते जून २०२२, अमेरिकेला जाणाऱ्या विमानात बसायला कोविड चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागत होता. तो अहवाल मेलमध्ये किंवा लॅबच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात पडलेला असतो आणि उड्डाणाच्या आदल्या एक ते तीन दिवसांकडे बोट दाखवतो. बँकेच्या पासबुकात स्वतः काउंटरवरून काढलेली रोकड, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, इथल्या औषधाच्या दुकानातल्या नोंदी, आणि कुटुंबाच्या ग्रुपवरचा तो ‘सुखरूप पोचलो’. त्या शब्दांनी ग्रुपमध्ये शोध घ्या. मला चार फेऱ्या तिथेच मिळाल्या.

तिकिटाबद्दल मात्र सावध राहा. तिकीट म्हणजे काढलेला बेत. आपल्याकडे परतीची तारीख पुढे ढकलली जातेच: मामांची तब्येत, घराचं काम, “एवढा एक सण करूनच जा”. बोर्डिंग पास किंवा विमान कंपनीच्या माइल्सच्या खात्यातली नोंद प्रत्यक्ष उड्डाणाची असते. तिकीट आणि ही नोंद यांत फरक दिसला तर नोंद धरा.

यादीतून सुटणाऱ्या फेऱ्या

भारताची फेरी कुणी विसरत नाही. विसरतात नायगारा. आई-बाबांना धबधबा दाखवायला नेलं, पलीकडून जास्त छान दिसतो म्हणून पूल ओलांडला, रोषणाई बघून तिकडेच मुक्काम केला. गाडीतून गेलो, शिक्का नाही, तिकीट नाही, म्हणून कुणाच्या डोक्यात तो परदेश प्रवास राहत नाही. पण चोवीस तास झाले की तो यादीत हवा. बाबांच्या अर्जातून हीच फेरी सुटली होती. हॉटेलचं बिल क्रेडिट कार्डाच्या जुन्या विवरणात सापडलं.

क्रूझचंही तसंच. मायामीहून बहामाची सहल किंवा सिएटलहून अलास्काला जाताना कॅनडात थांबणारं जहाज आपल्याला अमेरिकेतलीच सहल वाटते. मुलांना विचारा, नातवंडांना विचारा. आमच्या घरची मेक्सिकोची सहल माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आठवली.

आणि अर्ज दिल्यानंतरची फेरी. अर्ज आणि मुलाखत यांच्यात काही महिने जातात, तेवढ्यात कुणाचं तरी लग्न निघतं. ती फेरी मुलाखतीच्या दिवशी स्वतःहून सांगायची. सुधारलेली यादी छापून सोबत न्या. मुलाखतीचं पत्र मात्र अमेरिकेतल्या पत्त्यावरच येतं, त्यामुळे घरात टपाल उघडणारं कुणीतरी असू द्या.

दिवसांची बेरीज

तारखा लागल्या की दोन गोष्टी मोजायच्या. पहिली: पाच वर्षांत निदान ९१३ दिवस, म्हणजे साधारण तीस महिने, अमेरिकेत काढलेले असले पाहिजेत. निघाल्याचा आणि परतल्याचा हे दोन्ही दिवस अमेरिकेत धरले जातात. १० नोव्हेंबर २०२३ ला निघून २० एप्रिल २०२४ ला परतलात तर बाहेरचे दिवस १६१ होतात. ही पाच वर्षं अर्ज देण्याच्या तारखेपासून मागे मोजतात. ग्रीन कार्डाला पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज देता येतो, पण ९१३ दिवस अर्जाच्या दिवशी भरलेले हवेत. काठावर असाल तर महिनाभर थांबा. घाई करून शुल्क घालवू नका.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. एकाच फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त, म्हणजे १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलात, तर तुमचं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. ते खोडून काढता येतं, पण पुरावा आपण द्यायचा. वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर असाल तर वास्तव्य तुटलंच. रि-एंट्री परमिटने, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परत येता यावं म्हणून आधी काढलेल्या परवान्याने, ग्रीन कार्ड वाचतं, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य वाचत नाही. “परमिट काढलं होतं, मग काळजी कसली” असं म्हणणारे खूप भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

म्हाताऱ्या आई-वडिलांची अडचण ही की त्यांच्या नावावर इथे नोकरी नसते, घर नसतं, भाडेकरारही नसतो. मग जे असतं ते गोळा करायचं: बँकेतलं संयुक्त खातं, राज्याचं ओळखपत्र, आरोग्य विमा, डॉक्टरांच्या ठरलेल्या भेटी, रहिवासी म्हणून भरलेलं करविवरण, ते कुणाकडे आणि कोणत्या पत्त्यावर राहतात याचं मुलाचं किंवा मुलीचं पत्र. मुक्काम आजारपणामुळे लांबला असेल तर रुग्णालयाची कागदपत्रं आणि आधी काढलेलं, नंतर बदललेलं परतीचं तिकीट. ते तिकीट सांगतं की परत यायचा बेत पहिल्यापासून होता. करविवरण अनिवासी म्हणून भरलं असेल किंवा फेरी वर्षाच्या आसपास पोचत असेल तर अर्ज देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. इथे पैसे वाचवू नका.

एखादी तारीख लागतच नाही, मग?

सगळं करूनही एखाद-दुसरी तारीख हुलकावणी देते. तेव्हा जवळात जवळची तारीख लिहायची आणि अतिरिक्त माहितीच्या पानावर ती अंदाजे आहे आणि अंदाज कशावरून बांधला हे दोन ओळींत सांगायचं. ठाम असल्यासारखी खोटी तारीख लिहायची नाही, आणि सहा महिन्यांच्या आत बसावी म्हणून चार दिवस इकडे-तिकडे तर मुळीच करायचं नाही. बाबांच्या वेळी माझी चूक सुधारता आली, कारण ती चूक होती. जाणूनबुजून बदललेली तारीख हे वेगळं प्रकरण आहे, आणि त्याखाली शपथेवर सही आई-बाबांची असते, आपली नसते.

मुलाखतीची तयारी

इंग्रजीच्या परीक्षेतून वयामुळे सूट मिळते, पण तिला वर्षांची अट आहे: पन्नाशी ओलांडलेल्यांना ग्रीन कार्डावर वीस वर्षं, पंचावन्न ओलांडलेल्यांना पंधरा वर्षं. मुलांमागे उतारवयात आलेल्यांची एवढी वर्षं भरलेली नसतात. त्यामुळे, वैद्यकीय कारणाने सूट मिळाली नसेल तर, मुलाखत इंग्रजीतच होते. आणि इंग्रजी बोलता येतं का हे ज्या प्रश्नांवरून बघतात, त्यांत हे प्रवासाचे प्रश्नही येतात. किती वेळा बाहेर गेलात, शेवटचं कधी, कुठे, कशासाठी. म्हणजे यादी आपण लाख नीट केली तरी ती आईला स्वतःच्या तोंडाने सांगता यायला हवी.

आम्ही फेऱ्यांचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून फ्रिजवर लावला. एका बाजूला इंग्रजी तारीख, दुसऱ्या बाजूला आईची खूण: ‘गौरी’, ‘ताईची साठी’, ‘डोळ्याचं ऑपरेशन’. सकाळच्या चहाला एक फेरी. “आय वेंट टू इंडिया टू सी माय सिस्टर. आय लेफ्ट इन जून. आय केम बॅक इन सप्टेंबर.” आठवत नसेल तर अंदाज ठोकायचा नाही, “आय हॅव द लिस्ट, मे आय लुक?” असं म्हणायचं, हेही चार-पाच वेळा म्हणून घेतलं. आपल्या पिढीतल्या आयांना साहेबासमोर “मला कागद बघू द्या” म्हणायचा संकोच वाटतो. तो घरीच मोडावा लागतो.

मुलाखतीत तिला सहा फेऱ्यांपैकी दोनच विचारल्या. दुसरीच्या वेळी तिने कागद बघायची परवानगी मागितली, चष्मा लावला, गौरीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तारीख वाचून दाखवली.